आडनाव न विचारणाऱ्या बाई

आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी कधी कुणाला आडनाव विचारलं नाही. आणि हे पुण्यात, बरं का! इथे पाहुण्याच्या चपला दारात निघायच्या आत आडनाव विचारून होतं, आणि ते कळलं की लगेच "म्हणजे मूळचे कुठले?" येतंच. बाई मात्र वर्गात नव्या आलेल्या पोराला विचारायच्या, "घरी काय म्हणतात तुला?" हजेरीपटावर आडनाव असायचंच, पण त्या ते मोठ्याने वाचायच्या नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "आडनाव कळलं की पुढचं सगळं आपणच ठरवून मोकळे होतो. मग त्या माणसाला सांगायला उरतं काय?"

परवा नव्या जनगणनेच्या कामाची यादी शाळेत आली. आता सगळं मोबाइलवर भरायचंय म्हणून तरुण शिक्षक खुशीत आहेत. यादीत पर्यवेक्षक म्हणून माझं नाव आहे. सगळ्यांनी अभिनंदन केलं, मी हसले, आणि स्टाफरूममध्ये जाऊन एकदम दोन ग्लास पाणी प्यायले.  मागच्या खेपेला मी प्रगणक होते, म्हणजे घरोघरी जाऊन फॉर्म भरणारी, आणि बाई माझ्या पर्यवेक्षक. आज बाई असत्या तर सरळ बुधवार पेठेतल्या त्यांच्या खोलीवर जाऊन बसले असते. त्यांना जाऊनही आता पाच वर्षं झाली.

तेव्हा मी शिक्षणसेवक होते, म्हणजे नोकरी पक्की व्हायची होती आणि कुणीही जरा आवाज चढवला तरी मला घाम फुटायचा. पहिल्या दिवशी बाई मला हायवेलगतच्या बांधकामावर घेऊन गेल्या. पत्र्याच्या खोल्या, बाहेर धुणं, आणि दारात एक बाई तांदूळ निवडत बसलेली. मी फॉर्म काढून विचारलं, "मातृभाषा?" ती घाबरून म्हणाली, "मराठी." तिला मराठीची दोन वाक्यंही धड येत नव्हती. मी लिहायला लागले तर बाईंनी माझा हात धरला, स्वतः खाली फतकल मारून बसल्या आणि तिच्यासोबत तांदळातले खडे काढायला लागल्या. थोड्या वेळाने मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "नवऱ्याशी भांडतेस कुठल्या भाषेत?" ती तोंडाला पदर लावून हसत सुटली आणि म्हणाली, "छत्तीसगढ़ी." "हां, ते लिही," बाई मला म्हणाल्या.

बाईंची तपासायची तऱ्हाही न्यारी होती. फॉर्म हातात घेऊन त्या रकाने बघायच्याच, पण आधी विचारायच्या, "या घरी चहा दिला की पाणी?" घरात जाऊन आलेल्या माणसाला हे आठवतंच, असं त्यांचं म्हणणं. काही घरी पाणीसुद्धा विचारत नाहीत, तेही आठवतं. एका सरांनी "चहा" म्हणून सांगितलं तर बाई म्हणाल्या, "छान. आलं होतं की वेलदोडा?" सर बिचारे त्याच पावली परत गेले.

आणि हे सगळं माहीत असून मी जे केलं ते केलं. माझ्या वाट्याला सहा मजल्यांची एक सोसायटी होती. दुपारभर जिने चढून झाले, निम्मी दारं बंद. खाली ऑफिसात सोसायटीचे सेक्रेटरी पंख्याखाली बसले होते. म्हणाले, "अहो मॅडम, कशाला पाय तोडताय? माझ्याकडे सगळ्यांची माहिती आहे. नावं, वयं, शिक्षण, नोकरी. बसा, चहा घ्या." मी बसले. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि भराभर सांगत गेले. धर्माचा रकाना आला तेव्हा मी पेन थांबवलं. ते म्हणाले, "लिहा हो, सगळे आपलेच आहेत." मी वर पाहिलं नाही. जोशी, पवार, गायकवाड, भोसले, सगळ्यांपुढे मी हिंदू लिहीत गेले. खरं सांगते, त्या वेळी मला काहीच वाटलं नाही, उलट काम उरकलं म्हणून हायसंच वाटलं.

चार दिवसांनी बाईंनी माझा गठ्ठा पुढे ओढला. "चौथा मजला. गायकवाड. चहा की पाणी?"

"चहा," मी म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. "ते काल शाळेत आले होते, काठी टेकत. चहा देणाऱ्याला आठवत नाहीये, वैशाली."

आता नोकरी गेली, आता कार्यालयात बोलावणार, आई काय म्हणेल, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त गायकवाड आजोबा काय म्हणाले ते सांगितलं. आजोबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. वय सदुसष्ट. मोजणीवाले येणार म्हणून दोन आठवडे दिवाणखान्यातच बसून होते, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन. मग सेक्रेटरींनी सांगितलं की तुमचं झालं. म्हणून ते रिक्षा करून शाळेत आले आणि बाईंना म्हणाले, "मागच्या वेळीही मला न विचारता लिहून नेलं. काय लिहिलं ते कळलंच नाही. छप्पन साली वडिलांच्या बोटाला धरून मी नागपूरला गेलो होतो. बौद्ध झालो तेव्हा पुरता तेरा वर्षांचाही नव्हतो. एवढी एक गोष्ट माझ्या तोंडून ऐकून लिहा, बाई. पुढच्या मोजणीला मी असणार नाही."

"सोसायटीतलं एकेक घर पुन्हा कर," बाई म्हणाल्या. "पण पहिली त्यांच्याकडे जा. उद्याच."

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. तळमजल्यापासून सुरुवात केली, दुसरा मजला केला, तिसरा केला, आणि चौथ्याच्या जिन्यावरून रोज परत फिरले. त्यांनी "तुम्हीच का त्या?" असं विचारलं तर मी काय सांगणार होते? बाई रोज विचारायच्या, "गेलीस?" मी म्हणायचे, "उद्या नक्की." एकदा तर दारापर्यंत गेले. आतून म्हाताऱ्या माणसाचा खोकला ऐकू आला. बेलवर बोट ठेवलं आणि काढलं. अशी भित्री मी, आणि वर्गात पोरांना "धीट व्हा" म्हणून सांगत होते.

शनिवारी एकदाची बेल वाजवली तर दाराला कुलूप. समोरच्या काकू म्हणाल्या, "आजोबांना सकाळीच दवाखान्यात नेलंय. श्वास लागला होता." मी जिन्यातच बसले. दवाखान्यात फॉर्म घेऊन जायचं का? पेशंटला धर्म विचारायचा? बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "त्रास देऊ नकोस. थांब आता." रविवार गेला. सोमवारी, फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, आजोबा गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जनगणनेचा नियम कडक असतो. मार्च लागताना जो हयात, तोच मोजायचा. त्यानंतर प्रगणकाने पुन्हा एक फेरी मारायची, मधल्या काळात जन्मलेलं बाळ लिहायचं आणि गेलेल्या माणसाचं नाव खोडायचं. म्हणजे आजोबांना एक दिवस कमी पडला होता. मी गेले असते त्या आधीच्या कुठल्याही दिवशी, तरी शेवटी नाव खोडलंच गेलं असतं. पण त्यांना सांगायला तर मिळालं असतं! ही बोच अजून गेलेली नाही. जाऊही नये.

फेरीला बाई स्वतः माझ्यासोबत आल्या. गुडघे दुखत असूनही चार मजले चढल्या, प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबत. आजोबांच्या मुलाने दार उघडलं. घरात माणसं होती, भिंतीशी आजोबांचा फोटो आणि पुढे मेणबत्ती. मी सतरंजीवर बसले आणि मान खाली घालून सांगून टाकलं की तुमच्या घरी न येताच फॉर्म भरणारी ती मीच. मुलाने फोटोपुढची मेणबत्ती सरळ केली. मग म्हणाला, "बाबा रोज विचारायचे, बेल वाजली का म्हणून."

मला रडू आवरेना. बाईंनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही. मग पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "झालं? आता कामाला लाग." मी मुलाला विचारलं, सुनेला विचारलं, नातीला विचारलं. तिघांचं लिहिलं, आधीच्या चुकीच्या शब्दावर काट मारून, बाजूला सही करून. राहिली सगळ्यात वरची ओळ, आजोबांची. ती तर खोडायचीच होती, म्हणून मी पट्टी ठेवली आणि पेन टेकवलं.

बाईंनी पट्टीवर हात ठेवला.

"आधी बरोबर लिही," त्या म्हणाल्या. "मग खोड."

"बाई, पण हे नाव तर मोजणीत जाणारच नाही."

"लिही."

मी हिंदू या शब्दावर काट मारली आणि वर बौद्ध लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही. बाईंनी फॉर्म उचलला आणि दोन्ही हातांनी मुलापुढे धरला. त्याने चष्मा लावून वडिलांचं नाव वाचलं, त्यापुढचा शब्द वाचला, आणि मग मोठ्याने पुन्हा एकदा वाचला, आतल्या खोलीतल्या माणसांना ऐकू जाईल असा.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आता खोडा, मॅडम."