मास्तरांच्या माथी बसलेला अर्ज

इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये गाड्या धुणारा माणूस युगांडातल्या एका आडगावचा. त्याच्या मुलीच्या शाळेत पहिली ते तिसरीला मिळून एकच मास्तर. पुस्तकं फाटतील म्हणून कपाटात कुलूपबंद. मास्तर फळ्यावर लिहिणार आणि पोरं उतरवून घेणार, ज्यांच्याकडे पेन्सिल आहे ती. आणखी एक शिक्षक द्या, असा अर्ज त्याला तिथल्या शिक्षण कार्यालयाला करायचा होता. त्याची स्वतःची शाळा दुसरीत सुटलेली, लिहिता येत होतं ते सहीपुरतं. म्हणून तो माझ्याकडे आला.

कॉलेजपासून निषेधाची पत्रकं लिहून माझा हात बसलेला. इथे पत्रकं काढायची सोय नाही, त्यामुळे सगळा राग आत साठलेला. खोलीतल्या सोबत्यांकडून उचललेल्या हिंदीत तो सावकाश सांगत होता, आधी साहेबांची खुशाली विचारा, मग शाळा दिलीत म्हणून आभार माना, आम्ही तुमचीच लेकरं असं म्हणा, आणि सगळ्यात शेवटी शिक्षकाचं काढा. मला चीड आली. हक्काच्या गोष्टीसाठी आभार कसले मानायचे? ऑफिसात बसून मी पानभर झोडपलं. हलगर्जीपणा, जाब, निषेध, सगळं खणखणीत इंग्रजीत.

त्याने कागद वरून खालपर्यंत पाहिला. "सिस्टर, थँक्यू लिखा ना?"

"लिखा है," मी म्हटलं.

एका गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्याने सही केली. फोटो भावाला पाठवला, भावाने छापून कार्यालयात नेऊन दिला.

महिन्याभराने तो मला लिफ्टपाशी भेटला. आवाज चढवला नाही. कार्यालयातले साहेब म्हणाले होते, असलं इंग्रजी त्या गावात एकट्या मास्तरांना येतं. मास्तरांची लांब बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, वर्ग बंद पडले. दुसरी शाळा नदीपलीकडे. सात वर्षांच्या मुलीला एकटं कोण धाडणार? ती घरीच असते, धाकट्याला सांभाळते.

मी लगेच सुरू झाले. हा सरळ अन्याय आहे, वरच्या साहेबाकडे जाऊ, मी लिहिते. त्याने ऐकून घेतलं.

"थँक्यू था उसमें?"

नव्हतं, म्हटलं.

अडाणी ठेवलेल्या माणसाला कागदावर फसवणं किती सोपं, हे मी पत्रकांतून कितीदा लिहिलंय. पहिल्यांदा तसा माणूस माझ्यासमोर आला, तेव्हा मीच ते केलं. वर चांगल्या हेतूने.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कार्यालयासाठी चार ओळी लिहून दिल्या. तो अर्ज माझा होता, मास्तरांचा त्याच्याशी संबंध नाही, त्यांना परत पाठवा, कृपा होईल. त्याने कागद घेतला आणि माझ्यादेखतच गेटवरच्या वॉचमनकडे वाचायला दिला. वॉचमनने मोठ्याने वाचला. त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. मी उभी होते. मग त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बादली उचलली.

कार्यालयाचं उत्तर अजून आलेलं नाही.