दुपारी झोपणारं सोलर

आमचं सोलर दुपारी झोपायचं.

खोटं वाटेल, पण मोबाईलमध्ये पुरावा होता. छतावर पॅनल बसवून जाताना मिस्त्रीनं माझ्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं होतं. किती वीज तयार झाली त्याची रेघ त्यात दिसायची. सकाळी ती रेघ अशी चढायची, की आमच्या हट्टा गावाहून निघाली ती थेट हिमालयात! आणि दहा-साडेदहा झाले की दाणकन खाली. ऐन दुपारी, डांबरी रस्त्यावर भाकरी भाजून निघेल असं ऊन (मी भाजलेली नाही, पण पीठ हाताशी असतं तर भाजली असती), आणि आमचं सोलर जेवून लवंडलेल्या जावयासारखं गार! चार वाजले की पुन्हा जागं.

बरं, इथं माझी इज्जत पणाला लागलेली. छत म्हणजे आमच्या घरात बायकोचं, कावेरीचं राज्य. आख्ख्या आळीच्या कुरडया, पापड, सांडगे तिथं वाळायचे. त्या राज्यात मी पॅनल उभे केले तेव्हाच तिनं शर्त घातली होती.

"पुढचं बिल उतरलं तर ठीक. न्हाई उतरलं तर ह्या काचा खाली, अन् छत माझं!"

"उतरलं काय म्हनतेस? बिल आडवं व्हईल, आडवं!" मी आळीतल्या सगळ्या बायांसमोर गरजलो. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण समोर ऐकणारं माणूस दिसलं की माझ्या जिभेचे ब्रेक फेल होतात. "ह्या काचा साध्या न्हाईत. आळीतलं समदं ऊन ह्या ओढून घेतात! तुमच्या अंगणात नुसता उजेड राहील!"

बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

ते दिवस हळद शिजवायचे. मी सकाळी शेतात जायचो तो दिवस मावळताना परतायचो. तिकडं हळदीला वाफ, इकडं मोबाईल बघून मला! संध्याकाळी छतावर जाऊन पाहावं, तर पॅनल असे चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. मग दुपारी होतं काय? वीज जाते कुठं? मिस्त्रीला फोन लावला.

"सावली पडून राहिली का बघा कुठली," तो म्हणाला.

सावली! आमच्या गोठ्याला लागून शेजारच्या बाबारावकाकांचा लिंब. त्याची एक दांडगी फांदी आमच्या बाजूला झुकलेली, अर्धी गोठ्यावर, अर्धी काकांच्या बाजेवर. दुसऱ्या दिवशी सकाळीच फांदी जमिनीवर!

"काहून तोडली रे?" काका उठून बसले.

"काका, सकाळी दहा वाजले की सोलरवर सावली येऊन राहिली हिची."

"लिंब मावळतीला, अन् सकाळच्या पारी सावली तुझ्या छतावर? सूर्य काय तुझ्या सासुरवाडीचा हाय?"

विज्ञान सगळ्यांनाच समजत नाही, म्हणून मी त्यांना माफ केलं. त्यांनी मात्र मला केलं नाही. सावली गेली म्हणून बाज उचलून ते आमच्या ओसरीत आले. दुपारचा चहाही आमच्याकडंच सुरू झाला. रेघ मात्र दहा वाजता पडायची ती पडतच राहिली.

मग बिल आलं. मागच्या बिलाचा सख्खा भाऊ! अंगावर ओरखडासुद्धा नाही. कावेरीनं ते बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "पाना आणा."

आता काचा उतरायच्या होत्याच. पण त्याआधी सोलर झोपतं कसं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी शेतातून दुपारीच निघालो आणि चोरासारखा जिना चढलो.

छतावर पॅनलच नव्हते! होती ती नुसती लुगडी. त्यांवर कुरडया, सांडगे, लाल मिरच्या, आणि एका कोपऱ्यात कुणाची तरी धुतलेली उशी! उतारावरून माल घसरू नये म्हणून लुगड्यांची टोकं पॅनलच्या पायांना करकचून बांधलेली. इतकं पक्कं काम मिस्त्रीनंसुद्धा केलं नव्हतं!

"कावेरे! हे काय चालवलंय?"

"काहून वरडून राहिले?" मिरच्या परतताना तिनं मानसुद्धा वर केली नाही. "तुमीच म्हनले ना, आळीतलं समदं ऊन ह्या काचा ओढून घेतात? मंग आमी कुरडया काय नुसत्या उजेडात वाळवाव्या?"

"लई झकास वाळतंय भाऊजी!" मागून एक शेजारीण म्हणाली. "सांजच्याला काचा पुसून बी ठेवतो आमी."

खालून ओसरीतून बाबारावकाका ओरडले, "मला तर रोज दिसत व्हतं!"

"मंग सांगितलं काहून न्हाई, काका?"

"फांदी तोडताना मला इचारलं व्हतं का?"

मी शर्त रद्द झाल्याचं जाहीर केलं. कावेरी म्हणाली, शर्तीत कुरडयांबद्दल काहीच ठरलं नव्हतं. शेवटी आळीतल्या बायांनी तिथंच निवाडा केला. काचा राहतील. कुरडया गोठ्याच्या पत्र्यावर जातील. पण तिथं कावळे, चिमण्या, माकडं. राखण कोण करणार? सगळ्या बायांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

पुढचं बिल खरंच आडवं झालं. आता गावातली माणसं येऊन विचारतात, "काय हो, घर उन्हावरच चालतं म्हनं?"

व्हय, म्हणतो. मीटर उन्हावर, पंखा उन्हावर, आणि घरमालक काठी घेऊन गोठ्यापुढं भर उन्हात. कारण तिथं सावली धरणारी एकच फांदी होती, आणि ती मी तोडली.