झाकण उघडताच विसरणारं यंत्र

कार्डावरून पैसे घेणारी दुकानातली यंत्रं मी दुरुस्त करतो. शिकलेला मुलगा नेमकं काय करतो, हे आईला गावात कुणाला सांगता येत नसे. म्हणून या खेपेला ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिला कामावर घेऊन गेलो.

तिच्यासमोर एका यंत्राचं झाकण उघडलं. आतली इवलीशी कळ सुटली आणि वीज जोडलेली नसतानाही, बटणाएवढ्या सेलवर जागी असलेल्या चिपने आपले सगळे गुप्त आकडे क्षणात पुसून टाकले. काय झालं ते मी आईला सांगितलं.

"चोर आला समजून?" आईने विचारलं.

"हो."

"अगं बाई! आणि निघालास तू!" ती पदर तोंडाला लावून हसली.

मला त्या चिपची नेहमी माया वाटते. तिला पळता येत नाही, ओरडता येत नाही. कुणी विश्वासाने सोपवलेलं परक्याच्या हाती पडू नये, म्हणून ती बिचारी स्वतःच रिकामी होते.

आई तिच्याकडे बघत राहिली. "मग तिला पुन्हा सगळं कोण शिकवतं?"

"मी."

"मग मास्तर आहेस, असं सांग की!"

शाळेची पायरी कधी न चढलेल्या आईला याहून मोठा हुद्दा ठाऊक नाही. मी हो म्हणालो.