थूबाईचा हिरवा

माझी बायको रंगावर थुंकायची. उगाच बोलण्यापुरतं नाही, खरोखर. भट्टीतून निघालेली रंगाच्या नमुन्याची चकती उन्हात धरायची, उलटीपालटी करायची आणि थू करून ढिगावर फेकायची. चिमूरकडे आमचं मातीकामाचं केंद्र होतं, तिथे सगळे तिला थूबाई म्हणत. मी भट्टीवाला, चौथी शिकलेला. ती शाळेत गेलीच नाही, पण भांड्यांवर रंग चढवायच्या झिलईच्या खोलीत तिच्याशिवाय कोणाचं चालत नव्हतं.

तिला हिरवा पाहिजे होता. पोटरीत आलेल्या धानाचा हिरवा. आणि निघायचं काय? एकदा तळ्यावरच्या शेवाळासारखं बुळबुळीत, एकदा म्हशीच्या शेंबडासारखं, एकदा तर पिकलेल्या फोडासारखं पिवळंहिरवं. "हे पाह्यलं का पोटातला भात वर येते जी," म्हणायची. घरी जेवायला बसलो तरी नखांतला रंग निघालेला नसायचा. मला किळस यायची. तसं बोललो तर म्हणायची, "मंग डोळे मिटून जेवा."

केंद्रात हिरवा नव्हता असं नाही. शेंदूर आणि तांब्याचा जर, म्हणजे तांब्यावर चढणारा गंज, कालवला की आरशासारखी हिरवी झिलई यायची. मोहर्लीला वाघ पाहायला गाड्या जायला लागल्या होत्या, त्या वाटेवरच्या दुकानांत त्या वाट्या हातोहात खपायच्या. पण शेंदूर म्हणजे शिसं, पोटात गेलं की विष. थूबाईनं त्या वाटीत चिंचेचं पाणी भरून तीन दिवस झाकून ठेवलं. चौथ्या दिवशी पाण्याला हिरवट झाक, आणि वाटीची चमक आतून मेलेली. ती वाटी घेऊन ती सरळ मॅनेजरच्या टेबलाशी गेली.

"घ्या साहेब, प्या."

"काय आहे हे?"

"तुमची वाटीच हाय, पाणी होऊन. लोकांले पाजता, तुमी बी प्या."

मॅनेजरनं नाकाला रुमाल लावला. "बाई, ह्या शोभेच्या वाट्या आहेत. यात कोण खातो?"

"माणूस वाटी घेते ते कढी प्यायलेच घेते, साहेब. तिले काय हार घालते?"

आम्ही सगळे हसलो. साहेबाला ते झोंबलं. म्हणाला, "एक भट्टी देतो. तुमचा बिनशेंदुराचा हिरवा निघाला तर शेंदूर बंद. नाही निघाला तर तोंड बंद."

मग ती पेटली. वडशाच्या राईस मिलमधून तुसाची राख आणवली. राख, टाकणखार आणि जरा माती मुशीत वितळवायची, लालबुंद रस पाण्यात ओतायचा, त्याची काच झाली की पुन्हा वाटायची, मग त्यात तांब्याचा जर. चकत्यांवर चकत्या, थूवर थू. एके दिवशी एक चकती तिनं उन्हात धरली आणि थुंकलीच नाही. तोच धान. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "आता तुमच्या हाती हाय जी. भट्टीत धूर नोका होऊ देऊ."

धूर कोंडला की तांब्याचा हिरवा मरतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षं तेच काम केलं होतं. पण आदल्या दिवशी पावसाची सर आली आणि मी लाकडांवर ताडपत्री टाकली नाही. आळस, दुसरं काही नाही. तीच ओली लाकडं भट्टीत घातली. धूर कोंडताना दिसत होता, तरी घालत राहिलो. भट्टी उघडली तर तीसच्या तीस वाट्या काळ्यालाल, खाटकाच्या फळीवरच्या काळजासारख्या.

मॅनेजर शेजारी उभा. विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "भट्टी बराबर लागली साहेब. रंगच खोटा हाय बाईचा."

ती माझ्या मागे होती. तिनं एक वाटी उचलली, उन्हात धरली आणि खाली ठेवली. थुंकली नाही. त्या वाटीवर नाही आणि माझ्यावरही नाही. थुंकली असती तर बरं झालं असतं.

तिनं झिलईची खोली सोडली आणि धानाच्या रोवणीच्या कामाला जाऊ लागली. शेंदराच्या वाट्या खपत राहिल्या. कोणाकोणाच्या पोटात काय गेलं कोण जाणे. त्या वाट्यांची मला किळस येते, आणि त्याहून जास्त त्या दिवशीच्या माझ्या तोंडाची. घरात तिनं तो विषय काढला नाही. भात वाढायची, बोलायची, हसायचीसुद्धा.

पुढे कितीतरी वर्षांनी ती चंद्रपूरच्या दवाखान्यात पडली, तेव्हा एकदाच म्हणाली, "रंग खोटा नव्हता जी. साहेबाले सांगा."

"सांगतो," म्हणालो. तिला स्मशानात पोचवून आल्यावर केंद्रावर गेलो. दाराला कुलूप, भट्टीत बाभळी उगवलेल्या. साहेब कुठे बदलून गेला, कोणाला माहीत नाही.

तिनं माझ्या तळहातावर ठेवलेली ती हिरवी चकती घरात आहे. तिच्यावर चिंचेचा कोळ तीनदा वाळवून पाहिला. चमक तशीच. तुमच्यापैकी कोणी त्या केंद्रात कामाला असाल, थूबाईला हसला असाल, तर साहेबाऐवजी तुम्हालाच सांगतो. रंग खरा होता. लाकडं ओली होती, आणि ती मी घातली होती.