परिसर अभ्यासातली हडळ

भुतांना मी घाबरत नाही, हे आधीच सांगून टाकतो. (खात्री करायला माझ्या बायकोकडे जाऊ नका. ती कामात असते.)

मला फक्त कुतूहल होतं, की कोणत्या वयाला किती भूत सोसतं? प्रश्न घरचाच होता. सई पंधरा वर्षांची, ओजस अकराचा आणि चिमी आठची. त्यातल्या ओजसने जन्मात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. एके दिवशी मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "भुताचं असलं तर वाचतो, बाबा." असा मुहूर्त पुन्हा येत नसतो! मी ऑफिसातून परस्पर सीताबर्डीच्या बाजारातला पुस्तकवाला गाठला.

परदेशात म्हणे या दिवसांत झाडांची पानं गळतात आणि पोरं भुताच्या गोष्टी वाचतात. नागपुरात शरद ऋतू म्हणजे कूलर काढावा की राहू द्यावा यावरून नवराबायकोचं भांडण. तेव्हा थोडी भुतं आपणही आणावी, असं मला वाटलं.

"पोट्टा कितवीत आहे?" पुस्तकवाल्याने विचारलं.

"तीन आहेत. तिसरी, सहावी, दहावी."

"मंग तीन भुतं लागतीन, साहेब. लहानीले हसणारं, मधल्याले धावणारं अन् मोठीले न दिसणारं."

"न दिसणारं काहून?"

"तेच तर खतरनाक राहते ना!"

माणूस अभ्यासू होता. मी तिन्ही पुस्तकांचं एकेक पान उभ्या उभ्या वाचून पाहिलं. पहिल्यातलं भूत भजे खात होतं, हसू आलं. दुसऱ्यातलं विहिरीतून निघून सायकलमागे धावत होतं. अंगावर काटा आला. तिसऱ्याच्या मुखपृष्ठावर एक पाठमोरी बाई होती आणि तिची पावलं आपल्याकडे होती! अर्धं पान वाचून मी विचारलं, "तुमच्याकडे लाइट कमी आहे का हो?" (लख्ख ऊन होतं.) म्हणजे हे सईचं, ठरलं.

घराच्या फाटकाशी आल्यावर मला आठवलं, की पितृपक्ष चालू आहे.

या पंधरवड्यात आमच्या आईच्या राज्यात साधी केरसुणीदेखील नवी येत नाही. आणि मी पिशवीत तीन भुतं घेऊन उभा! त्यातून गुरुवारी माझ्या बाबांचं पित्तर, म्हणजे श्राद्ध होतं. आईला कळलं असतं तर पुस्तकं थेट रद्दीत गेली असती आणि ओजस थेट मोबाइलवर.

पण मी आवक-जावक विभागात पंचवीस वर्षं काढली आहेत. लेबल चिकटवण्यात माझा हात कोणी धरणार नाही! खोलीचं दार लावून मी तिन्ही पुस्तकांना खाकी कव्हरं घातली आणि नाव, इयत्ता, विषय अशी लेबलं लावली. चिमीचं 'परिसर अभ्यास', ओजसचं 'गणित', सईचं 'इतिहास'. फक्त त्या पाठमोऱ्या बाईकडे बघत कव्हर घालणं मला जमेना, म्हणून ते काम मी लेबलासकट डोळे मिटून केलं. (डोळ्यांत धूळ गेली होती.)

चार दिवस घर कसं गप्प होतं. मोबाइल चार्जिंगला पडून आणि तिघं पुस्तकात. आईच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "पाय बाप्पा, पित्तरपाटात पोट्टे कसे अभ्यास करून राहिले! ओजस तं जेवतानाही गणित सोडत नाही."

चिमीचे प्रश्न मात्र मला जरा खटकत होते.

"बाबा, पाय उलटे असले तर चप्पल कोणत्या बाजूनं घालायची?"

"बाबा, झाडावर राहणाऱ्या बाईला खालून हाक मारली तर चालते का?"

भजे खाणाऱ्या भुताच्या गोष्टीत बाई कुठून आली, असं माझ्या मनात आलं. पण मूल विचार करतंय, याचाच मला आनंद झाला.

गुरुवारी पुरी, वडे, खीर, कढी, कोहळ्याची भाजी असा बेत होता. आईने गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळ्याने घास घेतल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, हा नियम. आणि त्या दिवशी कावळा येईना! समोरच्या टाकीवर एक बसला होता. तो पानाकडे बघायचा, आमच्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. बारा वाजले. साडेबारा झाले. खिरीवर साय धरली.

"त्यायची कोन्ती तरी इच्छा राह्यली," आई म्हणाली. "बोला रे सगळे."

बायको म्हणाली, "बाबा, तुमची आरामखुर्ची विणून घेते." कावळा ढिम्म. सईने दहावीत चांगले मार्क आणायचं कबूल केलं. कावळ्याने पंख खाजवला. मला घाम फुटला. बाबा कशावर रागावलेत हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? मी हात जोडून पुटपुटलो, "बाबा, चुकलो. पुस्तकं परत करतो." ओजस शेजारीच उभा होता.

"नका करू ना, बाबा!" तो रडवेला होऊन कुजबुजला. "सायकलवाला विहिरीपाशी पोहोचला आहे. फक्त नऊ पानं राहिली!"

त्याच्याकडे बघून मला गलबलून आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा पोरगा पानं मोजत होता. पण वर बाप आणि खाली मुलगा, मी काय करणार?

"चिमे," आई मध्येच म्हणाली, "तुह्या आबाले अभ्यासाची लय हौस होती. तुहा धडा वाचून दाखव वं त्यायले."

मी "नको!" म्हणेपर्यंत चिमीने पुस्तक आणलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"ह-ड-ळी-नं... हळूच... दार... उघडलं. तिचे... पाय..."

माझे पाय आपोआप गच्चीच्या दाराकडे वळले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सई म्हणाली, "हे परिसर अभ्यासात आहे? मग माझ्या इतिहासात भजे खाणारं भूत काहून आहे?"

आईचं तोंड उघडं ते उघडंच. आणि तेवढ्यात फडफड झाली. कावळा टाकीवरून उठला, त्याने चिमीच्या पुस्तकाकडे मान वाकडी करून बघितलं आणि अख्खा वडा उचलून गेला!

मग आई पदराने डोळे पुसत हसायला लागली.

"हेच राह्यलं होतं पाय त्यायचं! भुताच्या गोष्टी सांगाचा लय नाद होता. पण हा लहानपणी रोज रात्री भेवून अंथरूण ओलं करे, म्हणून त्यायनं सांगनंच बंद केलं. ओजस, तू वाच रे बिनधास्त. पयले जेवा."

तिघं पोरं माझ्याकडे वळून बघू लागली. मी गच्चीवरचं पान आणायच्या निमित्ताने मागे राहिलो, पण तिथे एकटाच आहे हे लक्षात आल्यावर चिमीलाही हाक मारली.

ओजसने त्याच दुपारी ती नऊ पानं संपवून आणखी पुस्तक मागितलं. हडळ चिमीकडेच राहिली. भजे खाणारं भूत सध्या माझ्या उशाशी असतं. त्याच्यावरचं सईचं लेबल चिमीने स्वतः बदललं आहे. नाव: बाबा. विषय: भूत. इयत्ता: बालवाडी.