पाचवीची पायवाट

आमच्या मोठ्या सरांइतका शाळेत न सापडणारा हेडमास्तर अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. कामचुकार मास्तरही शाळेत सापडत नाहीत म्हणा, पण ते एकटेच गायब होतात. आमचे सर शाळा घेऊन गायब व्हायचे. शिमग्याच्या सुमाराला एखादे साहेब अचानक भेट द्यायला आले, तर त्यांना दोन्ही खोल्यांना कडी, हापशीवर एक बकरी आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात एवढंच लिहिलेलं सापडायचं : ‘शाळा पळसाखाली भरली आहे.’ कुठल्या पळसाखाली, ते लिहिलेलं नसायचं. आता मोताळा तालुक्यात पळस काय एक आहे? बिचारे साहेब उन्हात गाडी फिरवून फिरवून परत जायचे आणि दुसऱ्या दिवशी खुलाशाचं पत्र यायचं. सर ते पत्र पोरांना शुद्धलेखनाला द्यायचे.

शाळा म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक व्हरांडा, पहिली ते चौथी मिळून बावीस पोरं आणि दोन मास्तर. तिसरी-चौथीला ते आणि पहिली-दुसरीला मी. मी खामगावच्या बाजारपेठेत वाढलेली बाई. भिंतीवर वेळापत्रक सरळ चिकटवलेलं असलं आणि पोरं ओळीत बसलेली असली की माझ्या जिवाला बरं वाटतं. अशा बाईची गाठ देवाने अशा माणसाशी घातली. मागच्या वर्षी सरांची बदली मेहकरकडे झाली. तेव्हापासून आमची शाळा वेळेवर भरते, वेळेवर सुटते, खुलाशाचं एकही पत्र येत नाही, आणि मला मेलीला करमत नाही.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सर बरेचसे माणसांत असत. पण पळसाला पहिली कळी धरली रे धरली, की त्यांच्या पायांत काहीतरी सळसळायला लागायचं. मग तीनचा पाढा पळसाखाली, बेरीज चिंचेखाली, मराठीची कविता नाल्याच्या दगडांवर. एकदा एका साहेबांनी विचारलं, “गुरुजी, पाढा वर्गात येत नाही का?” सर शांतपणे म्हणाले, “साहेब, कुठंबी जा, पळसाले पानं तीनच. मंग तीनचा पाढा पळसाखाली नाई शिकवाचा, त कुठं शिकवाचा?” साहेबांनी टोपी घातली आणि गाडी सुरू केली. 

बरं, नुसतं उठून गेले असंही नाही. प्रत्येक सहलीची रंगीत तालीम व्हायची. आदल्या दिवशी शाळा सुटली की सर एकटेच त्या वाटेने निघायचे, तेही पहिलीच्या पोराच्या चालीने. दहा पावलं चालायचं, बसायचं, मुंगी बघायची, पुन्हा उठायचं, चप्पल काढून खडा झटकायचा. शेतातून परतणारी माणसं थांबून विचारायची, “सर, काही सांडलं काय तुमचं?” सर म्हणायचे, “नाई गा, मी आज पहिलीत हाये.” माणसं मान हलवून पुढे जायची. खांद्याला एक खाकी पिशवी असे. तिच्यात गूळ, फुटाणे, हळदीची पुडी, चिंध्या आणि दोन जादा चड्ड्या. गळ्यात शिट्टी आणि हातात, ढगाचा पत्ता नसला तरी, छत्री. आणि प्रत्येक सहलीची नोंद क्षेत्रभेट नोंदवहीत रीतसर व्हायची. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. ‘विहिरीस भेट. पाणी खोल आहे.’ ‘मुंग्यांच्या वारुळास भेट. मुंग्या कामात होत्या.’ ‘सुतार पक्ष्यास भेट. पक्षी गैरहजर.’ खाली सही, शिक्का, सगळं कसं नियमाप्रमाणे.

रंगाचं प्रकरण तर गावात अजून सांगतात. होळीच्या दोन दिवस आधी सरांनी पोरांकडून टोपलीभर पळसफुलं वेचून आणली आणि नैसर्गिक रंग तयार करायचा म्हणून खिचडीच्या मोठ्या पातेल्यात, म्हणजे गंजात, उकळत ठेवली. रंग झाला झकास. पण गंज नीट घासायचा राहिला. दुसऱ्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी झाकण काढलं तर आत भगवी खिचडी. मावशींनी पदर खोचला. “या सराले एक दिवस मी याच गंजात शिजवतो,” असं त्या मोठ्याने म्हणत असतानाच दारात शाळा तपासायला आलेले आमच्या केंद्राचे साहेब उभे. त्यांनी दोन ताटं खाल्ली आणि कौतुकाने विचारलं, “मावशी, केशर टाकलं काय?” मावशी म्हणाल्या, “हाव साहेब, मोठ्या सरानं आणलं.” त्या दिवशीचा शेरा पाहावा. ‘आहार उत्तम.’

एवढं सगळं मी सोसलं. पण एका गोष्टीवरून माझं आणि सरांचं दर वर्षी वाजायचं. बाकीच्या शाळा लोणारला जातात, कुठे कुठे जातात. आमची सहल वर्षानुवर्षं, पळस फुलला की दर शनिवारी, एकाच वाटेने जायची. गावाच्या वेशीपासून नाल्यापर्यंत, मग चिंचेपर्यंत, मग पळसांच्या रांगेपर्यंत, आणि हंगामाच्या शेवटच्या शनिवारी थेट शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेपर्यंत. विहीर त्याच वाटेवर, वारूळ त्याच वाटेवर, गैरहजर सुतार पक्षीसुद्धा त्याच वाटेवरचा. मी म्हणायचे, “सर, निदान एकदा खामगावला नेऊ या. पोरांना जलंबकडून येणारी गाडी तरी दाखवू. रेल्वे फक्त पुस्तकात पाहिलीय हो यांनी.”

“रेल्वे कुठं पळून जाते, मॅडम?” सर म्हणायचे. “ते रुळावर हाये. पोरीचं पाहा आधी.”

पोरींचं म्हणजे असं, की आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवी त्या मोठ्या गावात, पायवाटेने अडीच किलोमीटर. डांबरी सडकेने गेलं तर दुप्पट. पोरं सायकली हाणत सडकेने जायची. पोरींचं मात्र चौथी झाली की झालं. कुणी त्यांना मारून-मुटकून घरी बसवत नसे. वाट सुनी आहे, एवढं एकच वाक्य पुरायचं. काही वर्षांपूर्वी गजाननभाऊंची थोरली मुलगी अशीच चौथीनंतर थांबली. तेव्हा सर शासनाचं परिपत्रक हातात घेऊन त्यांच्या दारात भांडायला गेले होते. गजाननभाऊ भला माणूस. त्याने सरांना खाटेवर बसवलं, चहा पाजला, परिपत्रक दोन्ही हातांनी परत दिलं आणि म्हणाला, “सर, तुमचं सारं खरं. पन वाट सुनी हाये. या कागदानं वाटेवर मानूस येते काय?” तेव्हापासून सरांनी भांडण सोडलं आणि चालणं धरलं. मला एकदाच बोलले ते त्याबद्दल. म्हणाले, “वाट पायाले पाठ झाली पाह्यजे, मॅडम. डोकं त कवाबी भेते.”

आणि त्या वर्षी चौथीत होती वैष्णवी, गजाननभाऊंची धाकटी. काय पोरगी होती! गणित तोंडी, कविता तोंडपाठ, आणि प्रश्न असे विचारायची की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. पण जानेवारीतच गजाननभाऊंनी सांगून टाकलं होतं, थोरलीचं झालं तसंच धाकटीचं.  पळस फुलल्यावर मात्र सरांनी एक अधिकृत पत्र तयार केलं, वर जावक क्रमांक, खाली शिक्का. ‘विषय : परिसरातील वृक्षांची ओळख. मार्गदर्शक म्हणून आपण उपस्थित राहावे, ही विनंती.’ आणि ते वैष्णवीच्याच हाती तिच्या बाबांना धाडलं.

शेवटच्या शनिवारी सकाळी सातला गजाननभाऊ हजर! इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. सरकारी शिक्क्याचं आमंत्रण त्यांना जन्मात पहिल्यांदा आलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी पळसाचं फूल देऊन स्वागत केलं आणि स्वतः वही-पेन घेऊन पोरांच्या मागे विद्यार्थी होऊन चालू लागले. गजाननभाऊ खुलले. एका बाभळीपाशी वीस मिनिटं! कुठल्या लाकडाची तिफण करावी, कुठल्याची करू नये, घोरपड कुठे राहते, डिंक कधी धरतो. मी घड्याळ बघत होते, पण खोटं कशाला बोलू, मीही ऐकत होते.

चिंच ओलांडल्यावर मार्गदर्शकांना जरा जास्तच जोर आला. “या, तुमाले जवळची वाट दाखवतो. मी लहानपनी इथून म्हशी घेऊन जात होतो,” म्हणत ते डावीकडे वळले. गोम अशी, की गेली पंधरा वर्षं भाऊ मोठ्या गावाला मोटरसायकलवरून सडकेनेच जात होते. म्हशींच्या जमान्यातली वाट राहिली होती डोक्यात. पुढे तारेचं कुंपण आलं. भाऊ वळले. तुरीची धसकटं आली. भाऊ पुन्हा वळले. पोरांच्या पायांना धसकटं बोचायला लागली, ऊन वर आलं आणि बऱ्याच वेळाने समोर एक डेरेदार झाड आलं. भाऊ काठी उंचावून म्हणाले, “हे पाहा पोरांनो, ही चिच.”

पहिलीतला अर्शद म्हणाला, “काका, ही आपुन पाह्यली ना मघा.”

 मी ओठ दाबून धरले. गजाननभाऊंच्या कपाळावर घाम आला. चार लोकांत बापाची चूक काढायची नाही, एवढं वळण घरचं असल्यामुळे वैष्णवी इतका वेळ गप्प होती. पण अर्शद पाणी मागायला लागला, तेव्हा ती हळूच पुढे आली. “बाबा, तिकडं आता कंपाउंड झालं. पळसाच्या रांगेनं जा लागते. या माह्यामागं.”

“तू मले वाट सांगतं काय?” भाऊ म्हणाले खरे, पण आवाजात दम नव्हता.

“मंग? दर शनिवारी येतो ना आमी.”

एका हाताने अर्शदला आणि दुसऱ्या हाताने आणखी एका चिमुरडीला धरून ती चालायला लागली. बांधावरचा कुठला दगड हलतो आणि कुठला पक्का, काटा कुठे आहे, हे ती चालता चालता मागच्यांना सांगत होती. मागे सगळी शाळा, आणि सगळ्यांत शेवटी काठी बगलेत मारलेले गजाननभाऊ. मी सरांकडे पाहिलं. शिट्टी तोंडात होती, पण वाजत नव्हती. “मॅडम,” ते शिट्टीसकट पुटपुटले, “आता काही बोलू नका.”

मोठ्या गावची शाळा सकाळचीच होती. पोरं हापशीवर तुटून पडली. वैष्णवी तेवढी पाचवीच्या वर्गाच्या दाराशी जाऊन आत बघत राहिली, पाणी प्यायचंही विसरून. गजाननभाऊ तिच्याकडे बराच वेळ बघत होते. मग टोपीने तोंड पुसून ते सरांकडे न जाता माझ्याकडे आले. “मॅडम, टीसीले काय काय कागद लागते?”

“काही नाही भाऊ, एक साधा अर्ज.”

“मंग लिहून देजा. सही करतो मी.”

सर हापशीवर तोंड धूत होते. इतका वेळ कुणी तोंड धूत नाही. मी अर्ज लिहून भाऊंची सही घेतली, तरी हे आपले पाणी मारतच होते. त्या दिवशीची नोंद वहीत आहे : ‘पाचवीस भेट. मार्गदर्शक उत्तम.’

जूनच्या शेवटी शाळा उघडली. परिपाठाची वेळ झाली तरी सरांचा पत्ता नाही, म्हणून मी शोधत निघाले, तर हे वेशीवर उभे. छत्री, शिट्टी, खाकी पिशवी, सगळा सरंजाम. पहिला आठवडाभर पोरींना पाचवीपर्यंत पोचवायचं, असं त्यांनी कुणाला न सांगता ठरवलेलं. वैष्णवी आली, तिच्याबरोबर आणखी दोघी. आता एकीचं पाहून बाकीच्या घरांनाही धीर आला होता. थोरली बहीण वेशीपर्यंत आली होती, धाकटीच्या वेणीची रिबीन नीट करत. सरांनी थोरलीकडे पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांना पाहवलं नाही.

पोरी निघाल्या तसे सरही निघाले. दहा-बारा पावलं गेली असतील. वैष्णवी थांबली. “सर, तुमी काऊन येऊन राह्यले? आमाले वाट माहीत हाये ना. तुमी जा, शाळेत पहिलीचे पोरं रडत असतीन.”

“हाव,” सर म्हणाले. “हाव, हाव. जा तुमी.”

पोरी बोलत बोलत गेल्या. नाल्यात उतरल्या, पलीकडे चढल्या, चिंचेमागे दिसेनाशा झाल्या. वैष्णवीने एकदाही मागे पाहिलं नाही. सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत उभे राहिले. मी म्हटलं, “सर, परिपाठ राहिलाय.” ते “चला” म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

“मॅडम, पोरीनं मागं नाई पाह्यलं ना?”

“नाही सर.”

“बरं झालं. पाहूच नाही.” थोडं थांबून त्यांनी चष्मा लावला, आणि चिंचेकडे बघतच पुन्हा विचारलं, “एकदाबी नाई?”

“पाहिलं ना सर, एकदा,” मी म्हणाले. “तुम्ही चष्मा पुसत होतात तेव्हा.”