घाईनं फेडलेला नवस

नवस फेडायची घाई मी केली. खरं तर नवस माझा नव्हताच, बायकोचा होता. नागपूरला माझ्या स्वादुपिंडाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिनं मनाशी बोलून ठेवलं होतं की, हे पूर्ण बरे झाले की रोडग्यांचं जेवण घालीन. ‘पूर्ण’ हा शब्द तिचा. मी तो सोयीनं गाळला.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी सौंसरच्या घरी अंगणात बसलो होतो. तहसील कचेरीत पंचवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कोणताही कागद शेवटच्या ओळीपासून वाचतो. शेवटी लिहिलं होतं, कापलेल्या कडा स्वच्छ, आजूबाजूच्या ग्रंथींत कॅन्सर नाही. मी उडीच मारणार होतो, टाक्यांनी धरून ठेवलं.

“अहो, नागपूरच्या डॉक्टरबाईले पाहू तर द्या,” बायको म्हणाली.

“त्या काय वेगळं वाचणार हायेत?”

पुढच्या रविवारी पांढुर्ण्याला थोरल्या भावाच्या संत्र्याच्या बागेत गोवऱ्या पेटल्या. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची भाजी, वरण. अर्धी कचेरी आली, सगळे सोयरे आले. “सुटला रे बाबा!” म्हणत जो तो पाठीवर थाप मारत होता. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो मी चतकोर रोडगा घेऊन, जेवण पचवायची गोळी तोंडात टाकून, एका झाडाखाली रवंथ करत होतो.

चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला, तोही पहिल्या ओळीपासून. म्हणाल्या, “लवकर सापडलं, नीट निघालं, छान झालं. पण या आजाराचे डोळ्यांना न दिसणारे कण मागे राहिलेले असू शकतात. त्यासाठी केमो घ्यावी असं मी सुचवीन. साधारण सहा महिने.” एक औषध जोरकस, दुसरं जरा सौम्य, दोन्हींचे त्रास त्यांनी सांगितले. “विचार करा. फार लांबवू मात्र नका.”

मी घरी येऊन विचार केला आणि सगळ्यांना सांगत सुटलो की, देवापुढं बरा झालो म्हणून जेवण घातलं, आता सुया टोचून घेतल्या तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल. वाक्य मला फार आवडलं होतं. दोन-तीन जणांनी मानाही डोलावल्या. खरी गोष्ट निराळी होती. ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवर केमो चालू असलेला एक माणूस होता. त्याच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. मी रोज जेवायला बसलो की तो माझ्या डोळ्यांपुढं यायचा. देवाच्या आड मी लपलो होतो.

दादाला हे कळलं तसा तो पांढुर्ण्याहून आला. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाला.

“काहून बे, देव काय तुया कचेरीतला बाबू हाय? एकदा अर्ज निकाली काढला का फाईल बंद?”

“दादा, लोकं काय म्हणतील?”

“लोकं वांग्याची भाजी खाऊन गेले. त्याहिले काय करायचं हाय? तुले भेव वाटून राहिलं, तं भेव वाटते म्हण नं!”

बायको चहा घेऊन आली होती. कप ठेवून गेली.

पुन्हा नागपूरला गेलो तेव्हा मी कचेरीतल्या टिपणीसारखे प्रश्न लिहून नेले होते. पहिला वाचला. “नाही घेतली तर?”

“काही जण न घेताही चांगले राहतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यात तुम्ही आहात का, हे मला आज सांगता येत नाही. घेतली तर आजार परतायचा धोका कमी होतो. संपत नाही.”

“आणि सोसवली नाही तर?”

“तर मात्रा कमी करू, औषध बदलू, नाही तर थांबवू. सुरू केलं म्हणजे बांधले गेलात असं नाही.”

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे, मी विचारलं नव्हतं. सही झाली की सुटका नाही, असंच मी आयुष्यभर पाहत आलो. त्यांनी माझं वजन केलं, साखर पाहिली, आणि आधी दोन आठवडे नीट खाऊन अंगात ताकद आणा म्हणाल्या. मग जोरकस औषधानंच सुरुवात करू, पण पहिली मात्रा जरा हात राखून. मी सही केली.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती, मांडीवर माझी फाईल. सावनेर मागं पडलं. मी म्हटलं, “दादाचं ऐकलं, कचेरीत सांगितलं, शेजाऱ्यालेही सांगितलं. तुले इचारायचं राहूनच गेलं.”

“बरं झालं राह्यलं ते,” ती म्हणाली. “मी पहिल्याच दिवशी घ्या म्हटलं असतं. अन् मंग दर उलटीले तुम्ही माह्याकडे पाह्यलं असतं.”